वाचक विचारतात : हिजरी वर्षात शेती कशी बसवायची?

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. प्रश्नाची सुरुवात 'इस्लाममध्ये' अशी आणि शेवट 'असतं का?' असा. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेल्या, चौदाशे वर्षांच्या जगाबद्दल असं एका शब्दात हो किंवा नाही सांगणं मला पटत नाही. कॉलेजात मध्ययुगीन पश्चिम आशिया शिकवताना मी मुलांना पहिल्याच तासाला सांगायचे, की आधी तीन गोष्टी विचारा: कुठलं गाव, कुठलं शतक आणि पैसे कुणी दिले. खालची उत्तरंही त्याच रीतीने लिहिली आहेत.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. मग जिथे हिजरी कालगणना राज्याची होती, तिथले शेतकरी पेरणीचा महिना कसा ठरवायचे? आणि सारा कधी भरायचे? (एक शेतकरी वाचक)

तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण याच पेचाने खलिफांचे आणि सुलतानांचे खजिनदार शतकानुशतकं हैराण झाले होते.

हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं. बारा महिने, ३५४ किंवा ३५५ दिवस. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण अधिक महिना घालून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने पुढेमागे करण्याची चाल होती. कुराणाच्या नवव्या सुरेत, म्हणजे अध्यायात, तिला स्पष्ट मनाई आली. त्यामुळे रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. रोज्यांच्या दृष्टीने मला हे न्यायाचं वाटतं. कुणाच्याच वाट्याला जन्मभर उन्हाळ्यातले लांबलचक दिवस येत नाहीत.

पण गहू काही चंद्र बघून पिकत नाही. म्हणून बहुतेक मुस्लिम राजवटींत दोन कालगणना शेजारीशेजारी चालल्या. सण, रोजे, हज हिजरीने. पेरणी, कापणी आणि सारा सूर्याच्या वर्षाने. आणि हे सौर वर्ष त्या त्या भूमीत आधीपासून चालत आलेलं असायचं. सीरिया आणि इराकमध्ये निसान, तम्मूझ हे जुने महिने. आजही तिथल्या कॅलेंडरांवर तेच छापतात. इराणात नवरोजपासून सुरू होणारं वर्ष. मोरोक्को आणि अल्जीरियाच्या खेड्यांत रोमन काळापासूनचं ज्युलियन वर्ष. तिथल्या जानेवारीचं नाव यन्नायर. आणि इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चनांचं वर्ष.

इजिप्तचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे राहून मी हे जवळून पाहिलं आहे. कॉप्टिक वर्ष सप्टेंबरच्या ११ तारखेच्या सुमारास सुरू होतं. तीस तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा एक छोटा तुकडा. शक मोजतात इसवी सन २८४ पासून, म्हणजे ज्याच्या अमदानीत ख्रिश्चनांचा भयंकर छळ झाला त्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून. चर्चचं इतकं पक्कं कॅलेंडर, पण नाईलकाठचा मुसलमान शेतकरीही याच महिन्यांची नावं घेऊन बोलतो. हातूरमध्ये, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, गहू पेरायचा; म्हण अशी आहे की हातूर हा विखुरलेल्या सोन्याचा बाप. तूबा कडाक्याच्या थंडीचा. अमशीर सोसाट्याच्या वाऱ्यांचा. मशिदीत नमाज पढून आलेला माणूस कट्ट्यावर बसून 'यंदा अमशीर लवकर सुरू झाला' म्हणतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आता साऱ्याचं. इजिप्तमध्ये सारा नाईलच्या पुरावर अवलंबून. कैरोच्या रोडा बेटावर खलिफा मुतवक्किल याच्या काळात, ८६१ साली, पूर मोजायची विहीर बांधली. ती अजून आहे. आत भिंतीलगत पायऱ्या उतरत जातात आणि मधोमध अष्टकोनी संगमरवरी खांब उभा आहे, त्यावर हात या मापाच्या खुणा कोरलेल्या. पाणी १६ हातांवर पोचलं की शहरात दवंडी पिटायची, कालव्याचा बांध फोडायचा आणि सारा लागू व्हायचा. पाणी त्याखाली राहिलं तर दुष्काळाची भीती, आणि धान्याचे भाव दुसऱ्याच दिवशी चढायचे. मी त्या पायऱ्या तळापर्यंत उतरले आहे. अख्ख्या राज्याचा अर्थसंकल्प एका खांबावर वाचत असत, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं.

बगदादमध्ये अडचण वेगळी होती. तिथे सारा नवरोजला मागायचे. पण जुन्या इराणी वर्षात जादा दिवस घालणं बंद पडलं होतं, त्यामुळे नवरोज सरकत सरकत इतका अलीकडे आला की पीक शेतात हिरवं असतानाच वसुलीवाले दारात. ८९५ साली खलिफा मुतदिद याने वसुलीचा नवरोज ११ जूनला नेऊन बसवला. हा शहाणपणाचा निर्णय होता आणि त्याचं मोल शेतकऱ्यालाच कळेल.

उस्मानी तुर्कांना हा पेच पगारात नडला. सैनिकांचा पगार हिजरी वर्षाने, तिमाहीला. उत्पन्न मात्र पिकाच्या, म्हणजे सूर्याच्या वर्षाने. ३३ चांद्र वर्षांत पिकं येणार ३२. म्हणजे दर ३३ वर्षांत एक वर्ष असं, की पगार द्यायचा आहे पण त्याच्या नावाचं उत्पन्नच नाही. त्या सुमारास खजिन्याची ओढाताण व्हायची आणि पगार तुंबले की इस्तंबूलची फौज रस्त्यावर यायची. शेवटी १८४० मध्ये सरकारी जमाखर्चासाठी सौर वर्ष रीतसर लागू झालं.

इराणी लोक अरब आहेत का? (एक विद्यार्थिनी)

नाहीत. त्यांची भाषा फारसी, ती अरबी लिपीत लिहितात इतकंच. कुळाने ती आपल्या मराठीची लांबची नातलग आहे. तुर्क, कुर्द, पठाण, उत्तर आफ्रिकेतले बर्बर, मलय हेही अरब नाहीत. जगातल्या मुसलमानांत अरब अल्पसंख्य आहेत, आणि सर्वांत जास्त मुसलमान राहतात इंडोनेशियात. तुमच्या पुस्तकात 'अरब म्हणजे मुसलमान' असं छापलं असेल तर शिक्षकांना दाखवा. अरबांत ख्रिश्चनही पुष्कळ आहेत.

शिया आणि सुन्नी एवढेच दोन पंथ ना? (एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी)

या दोहोंत न बसणारा एक जुना पंथ आहे आणि त्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं: इबादी. आठव्या शतकात इराकमधल्या बसरा शहरात तो आकाराला आला. समाजाचा इमाम कुळावरून ठरू नये, लायकीवरून निवडावा आणि तो चुकला तर काढता यावा, हा त्यांचा मूळ आग्रह. राजकारणात हे परवडणारं नव्हतं. त्यामुळे ते साम्राज्याच्या कडेकडेने राहिले: ओमानच्या डोंगरांत, ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावर, अल्जीरियाच्या वाळवंटातल्या म्झाब खोऱ्यात. ओमानमध्ये इबादी आणि सुन्नी एकाच मशिदीत एकाच इमामामागे उभे राहतात.

त्यांच्याविषयी पुस्तकी बोलण्यापेक्षा ओमानमधल्या निझवा गावाजवळ पाहिलेली एक गोष्ट सांगते. ओमानमध्ये डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून पाट काढून गावापर्यंत आणतात. त्याला फलज म्हणतात. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. असे जवळपास तीन हजार फलज आजही वाहते आहेत आणि त्यांतले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. निझवाचा फलज दारिस त्यांपैकी एक.

मला त्यातली वाटणी विलक्षण वाटली. पाणी जिथे उघड्यावर येतं, तिथे पहिला हक्क पिण्याचा; कुणीही यावं, भांडं भरावं. मग वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, आणि आंघोळीच्या जागा. त्यानंतर खजुराच्या बागा, कारण झाड एकदा वाळलं की गेलं. सगळ्यांत शेवटी हंगामी पिकांची शेतं. पाणी कमी असेल त्या वर्षी ती पडीक ठेवायची. शेतीच्या पाण्याच्या पाळ्या वेळेवर मोजतात. एका पाळीचं माप अथर, साधारण अर्ध्या तासाचं. जुन्या पद्धतीत दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली आखलेल्या रेघांवर कुठे पडली ते बघायचं आणि रात्री ठरावीक तारे डोंगरामागून कधी उगवतात ते. हे तारे ओळखणारी म्हातारी माणसं अजून आहेत. काही पाळ्या कुणाच्याच नसतात. त्यांचा लिलाव होतो आणि तो पैसा फलजच्या दुरुस्तीला जातो.

पंथ म्हणजे काय, हे समजायला मला त्या पाटाकाठी बसल्याचा जितका उपयोग झाला तितका ग्रंथांतल्या वादांचा झाला नाही. इमाम निवडायचा की वारशाने घ्यायचा हा प्रश्न ज्यांनी इतका लावून धरला, त्यांच्या गावात पाणी कुणाला किती हाही प्रश्न चारचौघांत, सावलीच्या रेघेवर सुटतो.

मुस्लिम राज्यांत ज्यू आणि ख्रिश्चन लोक खरोखर कसे राहत? एकीकडे वाचतो की सुवर्णकाळ होता, दुसरीकडे वाचतो की नुसता छळ होता. (एक वकील वाचक)

दोन्ही बाजूंचे लोक या प्रश्नावर इतकं ठासून बोलतात की मूळ कागद बघायला कुणाला सवड नसते. आणि कागद तर ढिगाने आहेत.

जुन्या कैरोत, फुस्तात भागात, बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही अशी ज्यूंची रीत. म्हणून जुने कागद तिथल्या एका कोठीत टाकत गेले. नियम धर्मग्रंथांपुरता असला तरी लोकांनी सगळंच टाकलं: पत्रं, हिशेब, लग्नाचे करार, औषधांच्या याद्या, मुलांच्या अक्षरं गिरवायच्या वह्या. जवळजवळ हजार वर्षं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेक्टर तिथे पोचले आणि धुळीत घुसमटत त्यांनी तो ढीग उपसला. एकट्या केंब्रिजमध्ये आज एक लाख नव्वद हजारांहून अधिक तुकडे आहेत. बरीचशी पत्रं अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत.

त्यातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. अब्राहम बेन यिजू, ट्युनिशियातला ज्यू व्यापारी. ११३२ च्या सुमारास तो मंगळूरला आला आणि सतरा वर्षं तिथल्या किनाऱ्यावर राहिला. तिथे त्याचा पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. तो येमेनमधल्या एडन बंदराला मिरी, लोखंड, सुपारी, वेलची धाडायचा. एडनचा त्याचा मित्र मदमून, तिथल्या ज्यूंचा प्रमुख, उलट टपाली त्याला साखर, बेदाणे आणि मुख्य म्हणजे कागद पाठवायचा. मलबारात चांगला कागद मिळेना, म्हणून बेन यिजू आलेल्या पत्रांच्या पाठीवर, समासात, ओळींच्या मध्ये आपले हिशेब आणि कविता लिहायचा. त्याने अशू नावाच्या तुळू दासीला मुक्त केलं, तिच्यापासून त्याला मुलं झाली. ११४९ मध्ये मुलांना घेऊन तो एडनला परतला तेव्हा कळलं की सिसिलीच्या ख्रिश्चन राजाच्या आरमाराने त्याचं महदिया शहर घेतलं आहे आणि भावंडं देशोधडीला लागली आहेत. एक ज्यू, मुस्लिम राज्यांतून हिंदू राज्यात येऊन व्यापार करतो, त्याचे भागीदार मुसलमान, ज्यू आणि हिंदू तिन्ही, आणि त्याच्या घरावर संकट येतं ते युरोपातून. या माणसाला 'सुवर्णकाळ' किंवा 'छळ' यांतल्या कुठल्या खणात घालायचं ते तुम्हीच सांगा.

कायद्याचं म्हणाल तर बरोबरी नव्हती. बिगरमुस्लिम पुरुषांना जिझिया भरावा लागे, आणि कोठीतल्या पत्रांत गरिबांनी त्या कराच्या धास्तीने लिहिलेल्या विनवण्या वाचताना पोटात कालवतं. कपड्यांवर, घोडा वापरण्यावर निर्बंध असत. ते कधी कडक पाळले जात, कधी वर्षानुवर्षं कागदावरच राहत. कैरोचा फातिमी खलिफा हाकिम याने १००९ पासून चर्च आणि सिनेगॉग पाडली, बेन एझ्राही त्यात गेलं. पुढच्याच पिढीत ते पुन्हा बांधलं गेलं. स्पेनमध्ये अलमोहाद राजवटीने धर्म बदला किंवा निघा असा बडगा उगारला, म्हणून प्रसिद्ध ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मूसा मैमोनिदिस याचं कुटुंब कोर्दोबाहून पळालं. आणि पळून ते शेवटी गेलं कुठे? दुसऱ्या मुस्लिम देशात, कैरोला, जिथे मैमोनिदिस सुलतान सलाहुद्दीनच्या वजिराचा वैद्य झाला.

त्याचा धाकटा भाऊ दाविद व्यापारी होता. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने थोरल्या भावाला लिहिलेलं पत्र त्या कोठीत सापडलं आहे. वाळवंटातून काफिला सोडून आलो, जीव वाचला, इथे मनासारखा माल मिळत नाही, म्हणून आता हिंदुस्थानकडे निघतो, काळजी करू नका. दाविद हिंदी महासागरात बुडाला. मैमोनिदिसने पुढे लिहून ठेवलं आहे की ती बातमी कळल्यावर तो वर्षभर अंथरुणाला खिळून होता. दाविदचं पत्र मात्र टिकलं.

कॉफी एके काळी हराम मानली जायची असं वाचलं. खरं का? (एक उपाहारगृहचालक)

काही शहरांत, काही वर्षं, हो. पण भांडण पेयापेक्षा बैठकीशी होतं.

कॉफी पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी पाडली. रात्रभर जिक्र, म्हणजे देवाचा नामजप, करायचा तर जागं राहायला हवं. मोठ्या भांड्यात कॉफी यायची आणि पळीने एकेकाच्या वाटीत पडायची. तिथून ती मक्केला पोचली. १५११ मध्ये मक्केच्या बाजार-अधिकाऱ्याने, खैर बेग याने, मशिदीच्या आवाराजवळ रात्री घोळका करून काहीतरी पिणारी माणसं पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याने उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, सभा भरवली, दोन हकीम साक्षीला उभे केले, कॉफी प्रकृतीला घातक आहे असं त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि शहरातली कॉफी रस्त्यावर जाळली. निकाल कैरोच्या सुलतानाकडे गेला. तिथून आलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे: जमाव करून गैरवर्तन करण्याला बंदी, पेयाला सरसकट नाही. थोड्याच काळात मक्केत कॉफी पुन्हा उकळू लागली.

इस्तंबूलला पहिली कॉफीघरं १५५० च्या दशकात निघाली. इतिहासकार पेचेवीने लिहून ठेवलं आहे की ती काढणारे दोघे, एक अलेप्पोचा आणि एक दमास्कसचा. तुमच्या धंद्यातल्या माणसाला पुढचं लगेच पटेल. तोवर शहरात संध्याकाळी बसायला घर, मशीद किंवा दारूचा गुत्ता. आता चौथी जागा आली. तिथे शायर कविता वाचायचे, बेकार कारकून नोकरीच्या वशिल्याची चौकशी करायचे, बुद्धिबळाचे डाव रंगायचे, आणि सरकारवर टीका व्हायची. मुल्लांची तक्रार होती की मशिदी ओस पडल्या. १६३३ मध्ये शहरात मोठी आग लागल्यावर चौथ्या मुराद सुलतानाने कॉफीघरं आणि तंबाखू दोन्हींवर बंदी घातली आणि ती क्रूरपणे राबवली. तो गेल्यावर कॉफीघरं परत उघडली. माणसांना एकत्र बसून बोलायची जागा लागते. ती मिळाल्यावर कुठल्याही शहराने फार काळ सोडलेली मला तरी दिसली नाही.

वक्फ म्हणजे मशिदीची जमीन ना? आणि त्यात बायकांना काही स्थान होतं का? (एक परिचारिका)

मशीद हा वक्फचा एक भाग. आपली मिळकत कायमची देवाच्या नावाने बांधून टाकायची आणि तिचं उत्पन्न एका ठरलेल्या कामाला लावायचं, ही मूळ कल्पना. काम कुठलंही चांगलं: शाळा, पूल, पाणपोई, धर्मशाळा, दवाखाना.

तुम्ही परिचारिका आहात म्हणून दवाखान्याचंच सांगते. इजिप्तचा सुलतान कलावून तरुणपणी दमास्कसला आजारी पडला आणि तिथल्या नूरुद्दीनच्या दवाखान्याच्या औषधांनी बरा झाला. राज्य मिळालं तर असाच दवाखाना बांधीन असा त्याने नवस केला, आणि १२८४-८५ मध्ये कैरोत तो फेडला. तापाच्या रोग्यांचा वेगळा विभाग, डोळ्यांचा वेगळा, शस्त्रक्रियेचा वेगळा, हगवणीचा वेगळा. बायकांच्या खोल्या निराळ्या. गरीब-श्रीमंत, गावचा-परका कुणालाही घ्यायचं आणि राहण्याला मुदत घालायची नाही, असं दस्तऐवजात नमूद. खर्च बाजारातल्या दुकानांच्या आणि वखारींच्या भाड्यातून. याच जागेवर आज डोळ्यांचं इस्पितळ चालतं.

बायकांचं स्थान मोठं होतं, कारण शरियतीप्रमाणे लग्न झालेल्या बाईची मिळकत तिचीच राहते. १५४६ ची इस्तंबूलची नोंदवही पाहिली तर त्यातले एक तृतीयांशाहून जास्त वक्फ बायकांनी केलेले आहेत. बहुतेकांची रक्कम लहान: एखादं घर, थोडी रोकड. मोठ्या नावांत हुर्रेम सुलतान. ती युक्रेनकडून दासी म्हणून पकडून आणलेली, पुढे उस्मानी सुलतान सुलेमानची लग्नाची बायको झाली. तिने १५५० च्या दशकात जेरुसलेमला गरिबांसाठी मुदपाकखाना काढला. दस्तऐवजात रोजचा शिधा तोलून लिहिला आहे. सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी गव्हाच्या भरड्याची. शुक्रवारी आणि रमजानच्या रात्री मटण घातलेला भात आणि केशर-मधाचा गोड भात. पेजेत मीठ किती, चुलीला लाकूड किती, पळीने वाढणाऱ्याला पगार किती, सगळं आहे. ज्या बाईला लहानपणी विकलं गेलं, तिने चारशे गरिबांच्या वाटीत काय पडावं हे इतकं बारकाईने ठरवावं, याने मी दरवेळी हलते. आणि हे खरं, की वक्फांमागे पुण्याबरोबर हिशेबही असायचा. सुलतानाने मिळकत जप्त करू नये म्हणून अनेक अमीर ती वक्फ करून आपल्याच मुलांना कारभारी नेमत.

टिंबक्टूची हस्तलिखितं जळली की वाचली? (एक ग्रंथपाल)

बहुतेक वाचली. जानेवारी २०१३ मध्ये शहर सोडून जाताना सशस्त्र जिहादी गटांनी अहमद बाबा संस्थेत सुमारे चार हजार हस्तलिखितं जाळली किंवा पळवली. पण त्याआधीचे कित्येक महिने खाजगी संग्रहांची घराणी आणि ग्रंथपाल पत्र्याच्या पेट्या भरत होते. गाढवगाड्यांतून, ट्रकांतून, नायजर नदीवरच्या होड्यांतून त्या पेट्या माली देशाची राजधानी बमाकोला गेल्या. पेट्या वाहणारे, जाळणारे आणि ज्यांनी ती पुस्तकं लिहिली ते, सगळे मुसलमानच होते. म्हणून 'इस्लामचा पुस्तकांशी संबंध' अशा मथळ्याखाली या घटनेवर लिहायला मी नेहमी नकार देते. टिंबक्टूतले दर्गे पाडण्याबद्दल त्या जिहादी गटांतल्या अहमद अल फकी अल महदी याला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा दिली. सांस्कृतिक वारसा नष्ट करणं हाच मुख्य गुन्हा मानून त्या न्यायालयाने दिलेला हा पहिला निकाल.

संस्थेला ज्याचं नाव आहे तो अहमद बाबा १५५६ ते १६२७ या काळातला तिथला विद्वान. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने शहर घेतलं आणि काही वर्षांत त्याला इतर विद्वानांबरोबर कैद करून वाळवंटापलीकडे माराकेशला नेलं. सुलतानाला त्याने तोंडावर ऐकवलं, की तुमच्या लोकांनी माझी १,६०० पुस्तकं लुटली, आणि माझ्या नातलगांत सगळ्यांत लहान संग्रह माझाच होता. परतल्यावर १६१५ मध्ये त्याने गुलामीवर एक मोठा फतवा लिहिला. माणूस काळा आहे एवढ्यावरून तो गुलाम ठरत नाही, असं त्यात बजावून सांगितलं आहे. गुलामीच नको असं मात्र तो म्हणत नाही. त्याच्या काळापुढे तो तेवढाच गेला.

तुम्हाला ग्रंथपाल म्हणून पुढची अडचण कळेल. टिंबक्टूची हवा कोरडी. तिथे कागदाला वाळवी आणि वाळू यांचं भय. बमाको दमट, तिथे बुरशी. त्यातून ही बहुतेक पुस्तकं शिवलेली नाहीत. सुटी पानं चामड्याच्या वेष्टनात ठेवतात. त्यामुळे पेटी हलली की पानं मिसळतात. पानाच्या खाली कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहायची जुनी रीत आहे, तिच्या आधाराने ती पुन्हा लावावी लागतात. बमाकोत पानं झाडून, आम्लरहित पुठ्ठ्याच्या मापाच्या पेट्या करून, छायाचित्रं घेण्याचं काम अनेक वर्षं चाललं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी संग्रहातल्या दोनशेहून अधिक पेट्या विमानाने टिंबक्टूला परत नेल्या. खाजगी घराण्यांच्या बऱ्याच पेट्या अजून बमाकोतच आहेत.